रिपोर्ट नॉर्मल आहे, मग मी का दमते?

रात्री पावणेदहाला लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. तीन पानं होती. पहिल्या दोन पानांवर सगळं साध्या अक्षरांत, तिसऱ्या पानावर एक ओळ ठळक: टीएसएच ६.३. शेजारी मर्यादा छापलेली, ४.२ पर्यंत. आकड्यापुढे वर जाणारा एक छोटासा बाण.

आता जे लिहितेय ते स्वतःशी कबूल करायलाही मला बरेच महिने लागले. तो बाण बघून मी घाबरले नाही. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, जिंकल्यासारखं वाटलं.

त्याआधीचे सात-आठ महिने मी दमलेली होते. ऑफिसातून आलं की खांद्यावरची बॅगही न काढता पलंगाच्या कडेला बसून राहायचं. अर्धा तास, कधी पाऊण तास. रविवारी अकरा वाजता उठायचं आणि एक वाजता पुन्हा डोळे मिटायचे. केस विंचरले की कंगव्यात पुंजका. रूममेट म्हणायची, ‘रात्री दोनपर्यंत रील्स बघितल्यावर दुसरं काय होणार?’ आत्या म्हणायची, ‘आम्ही तुझ्या वयात दोन पोरं सांभाळून नोकरी करत होतो.’ सगळ्यांत कडक मी स्वतः होते. मला मनातून खात्री होती, की मी आळशी आहे आणि आळसाला आजाराचं नाव शोधतेय.

आणि आता हा आकडा. मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती.

आपल्याला आजार आहे हे कळल्यावर माणसाला आनंद का व्हावा? तेव्हा हा प्रश्न सुचला नाही. नंतर मात्र तो पाठ सोडेना.

मुकादमाचा आवाज

आधी तो आकडा काय सांगतो ते समजून घेऊ. मलाही ते उशिराच समजलं.

गळ्याशी फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीराचा चुलीवरचा जाळ किती ठेवायचा, हे त्यांच्यावर ठरतं. पण टीएसएच थायरॉइडमधून येत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. बांधकामावरच्या मुकादमासारखं तिचं काम. कामगार नीट काम करत असले, की मुकादम हळू आवाजात बोलतो. काम मंदावलं, की तो ओरडायला लागतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज.

म्हणून टीएसएच वाढलं की बहुतेक वेळा थायरॉइडचं काम कमी झालेलं असतं. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘तिचा थायरॉइड वाढलाय.’ खरं तर वाढलेली असते ती मुकादमाची ओरड. मुकादम जरा जास्तच हळवा असतो. टी-४ थोडंसं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं. त्यामुळे गडबड लवकर पकडण्यासाठी ही चाचणी फार उपयोगी आहे. पण त्याच कारणाने एकटा टीएसएच पाहून निकाल देता येत नाही. टीएसएच थोडं वाढलेलं आणि टी-४ मात्र मर्यादेत, अशा स्थितीला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. काठावरचा आजार म्हणा हवं तर.

हा काठ आपल्या देशात चांगलाच गजबजलेला आहे. २०१३ मध्ये आठ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि गोवाही होते. जवळजवळ ११ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉइडिझम सापडला आणि त्याशिवाय आणखी सुमारे ८ टक्के लोक या काठावर होते.

मीही तिथेच उभी होते. डॉक्टरांनी सांगितलं, की एका रिपोर्टवर गोळी सुरू करायची नाही, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हा मला ते चालढकल करणं वाटलं. प्रत्यक्षात ती शहाणपणाची रीत होती. टीएसएच दिवसभरातही वरखाली होतं, रात्री जास्त आणि दुपारी कमी. एखाद्या आजारातून उठताना ते तात्पुरतं चढू शकतं. थोडंसं वाढलेलं टीएसएच अनेकदा काही न करताही खाली येतं.

माझंही आलं. दुसऱ्या वेळी ३.९. टी-४ व्यवस्थित, अँटिबॉडीज नाहीत. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका.’ बाहेर अजून वीसेक पेशंट बसले होते. मी ‘थँक्यू’ म्हटलं आणि उठले.

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबले. दम लागला होता. दोन महिन्यांपूर्वी लागायचा तसाच. फक्त आता तो लागण्याचा मला हक्क उरला नव्हता. या वेळी मी स्क्रीनशॉट कुणाला पाठवला नाही.

नॉर्मल कोण ठरवतं?

लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा आकाशातून पडलेली नसते. निरोगी समजल्या जाणाऱ्या बऱ्याच लोकांचं रक्त तपासतात, आकडे ओळीने मांडतात आणि मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे व्याख्येनेच, शंभर निरोगी माणसांतली साधारण पाच मर्यादेबाहेर पडणार. हे गणित पुढे न्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एका आकड्यापुढे बाण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. सणासुदीला सवलतीत मिळणाऱ्या फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये तर चाचण्या याहून कितीतरी जास्त असतात. बाण नसलेला रिपोर्ट आला तरच नवल.

उलट बाजूही आहे. आत असलेला प्रत्येक आकडा ‘सगळं ठीक’ असं सांगत नाही. माझं नेहमीचं टीएसएच १.५ असेल, तर ३.९ हा माझ्यासाठी बदल असू शकतो. कागदाला तो दिसत नाही, कारण कागदाला माझा इतिहास ठाऊक नाही. वयानुसारही वरची मर्यादा सरकते. सत्तरीतल्या माणसाचं ५.५ आणि पंचविशीतल्या मुलीचं ५.५ यांचा अर्थ एकच नसतो. गरोदरपणात तर हिशेबच वेगळा.

जॉर्ज कांगिलेम हा फ्रेंच विचारवंत डॉक्टरही होता. १९४३ मध्ये वैद्यकातल्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्याने हाच प्रश्न घेतला: नॉर्मल म्हणजे फक्त सरासरी का? त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आजार आधी माणसाला जाणवतो आणि शास्त्राला त्याची चाहूल त्या माणसाच्या तक्रारीतूनच लागते. कुणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलंच नसतं, तर मोजायचं काय, हे प्रयोगशाळेला कळलं नसतं.

जिन्यावर उभ्या असलेल्या मला हे वाक्य मिळालं असतं, तर मी ते घट्ट धरलं असतं. म्हटलं असतं, आकडा गेला खड्ड्यात, माझं शरीर मला ठाऊक. पण तेही पूर्ण खरं नाही, आणि हे मान्य करायला मला जास्त वेळ लागला.

आकड्याची बाजू

१८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने एका बाईवर उपचार केले. ती सुजलेली, मंदावलेली, सतत गारठलेली होती. त्याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क तिला इंजेक्शनने दिला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेव्हा टीएसएचची चाचणी नव्हती. डॉक्टरकडे पुरावा एवढाच होता, की तिचा चेहरा कसा दिसतो, ती कशी बोलते, कशी चालते, काय सांगते.

ही गोष्ट ऐकून जुन्या काळाबद्दल हळवं व्हायला होतं. पण ज्या बायकांची लक्षणं इतकी ठळक नव्हती, त्यांचं काय झालं असेल? त्या दमल्या असतील, त्यांचे केस गेले असतील, पाळी बिघडली असेल, मन खचलं असेल. आणि घरात कुणीतरी म्हटलं असेल, ‘हिचं असंच असतं.’ आकड्याने या बायकांना न्याय दिला. रक्ताला जात, पैसा, बोलण्याचा ठसका, काहीच दिसत नाही. ज्या सुनेला सासरी कुणी विचारत नाही, तिच्या बाजूने एक कागद बोलतो.

माझ्या आईच्या बाजूने तो बोलला होता. मी नववीत असताना ती दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची आणि तिथेच झोपायची. आवाज घोगरा झालेला, पाय सुजलेले. आजी म्हणायची, ‘कामाचा कंटाळा.’ तपासलं तेव्हा टीएसएच ५८ होतं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत आमची आई आम्हाला परत मिळाली. आजही ती पहाटे उठून उपाशीपोटी गोळी घेते आणि चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबते. तिच्या बाबतीत आकडा आणि अंग एकच गोष्ट सांगत होते. तिथे वादच नव्हता.

पण पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. काही वर्षांनी बाबांनी गावाकडची जमीन विकायचं ठरवलं, आईला न विचारता. आई चिडली. तिला असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा शांतपणे म्हणाले, ‘थायरॉइड वाढलेला दिसतोय. तपासून घे एकदा.’ तिने तपासलं. २.८ आलं. बाबा म्हणाले, ‘बघ, काही नाहीये.’

त्या तीन शब्दांवर मी नंतर खूप विचार केला. आकडा वाढला असता, तर राग आजाराचा ठरला असता. वाढला नाही, तर राग नसल्यातच जमा झाला. दोन्ही वेळेला जमिनीचा प्रश्न बाजूलाच राहिला. जो कागद एकदा तिचा साक्षीदार झाला होता, तोच आता तिचं तोंड बंद करत होता.

काय माझं, काय दोघांचं

इंग्रज तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकरने २००७ मधल्या तिच्या पुस्तकात एका वेगळ्या अन्यायाची मांडणी केली आहे. एखाद्याचं म्हणणं तो कोण आहे यावरून कमी खरं धरलं जातं, तेव्हा त्याच्यावर जाणकार माणूस म्हणून अन्याय होतो. आईवर तो झाला. थोडा माझ्यावरही. पण प्रामाणिकपणे बघितलं, तर माझ्यावर तो करणाऱ्यांत मी स्वतः पहिली होते. माझ्या थकव्यावर माझाच विश्वास नव्हता. म्हणून मला बाण हवा होता. तो आनंद आजाराचा नव्हताच, साक्षीदार सापडल्याचा होता.

मग माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं? मला वाटतं, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

मी दमलेय, हे मला कळतं. त्यावर कुठली लॅब, कुठला डॉक्टर, कुठली आत्या मला खोटं पाडू शकत नाही. पण मी कशामुळे दमलेय, हे मला आतून कळत नाही. थकव्यावर कारणाचं नाव लिहिलेलं नसतं. थायरॉइडचा, रक्त कमी असल्याचा, बी-१२ च्या कमतरतेचा, अपुऱ्या झोपेचा, नैराश्याचा, नावडत्या नोकरीचा थकवा आतून बराचसा सारखाच लागतो. वाटण्याबद्दल शेवटचा शब्द माझा. कारणाबद्दल तो माझा नाही, आणि एकट्या डॉक्टरचाही नाही. ते दोघांनी मिळून शोधायचं असतं.

हे मला शिकवलं एका गोळीने. केस गळतात म्हणून मी ऑनलाइन मागवलेली बायोटिनची गोळी रोज घेत होते. पुढे कळलं, की बायोटिनचा मोठा डोस थायरॉइडच्या अनेक चाचण्यांत गोंधळ घालतो. टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवायला सांगतात. म्हणजे ज्या लक्षणासाठी मी तपासायला गेले, त्याच लक्षणावरची माझी घरगुती हुशारी रिपोर्ट बिघडवू शकत होती. आणि मी डॉक्टरांना ती सांगितली नव्हती, कारण ‘ते काही औषध नाही’ असं मला वाटत होतं. अर्धी माहिती मी माझ्याकडेच ठेवली आणि पूर्ण न्याय मात्र मागितला.

आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारतोच, असंही नाही. २०१७ मध्ये ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे काठावरचे. निम्म्यांना थायरॉइडची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. वर्षभराने गोळीवाल्यांचं टीएसएच छान खाली आलं होतं. थकवा आणि इतर तक्रारी मात्र दोन्ही गटांत सारख्याच. हा निष्कर्ष वयस्कर आणि काठावरच्या लोकांचा आहे. माझ्या आईसारख्यांनी त्यावरून गोळी सोडायची नाही. गरोदर असलेल्या किंवा व्हायचा विचार असलेल्या बाईलाही तो लागू करायचा नाही. पण ‘आकडा आत आला, प्रश्न मिटला’ ही समजूत त्याने नक्कीच हलवली.

दुसऱ्यांदा जाताना

तीनेक महिन्यांनी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी तयारीने. दोन्ही रिपोर्ट, नमुना कोणत्या वेळी दिला त्याची नोंद, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, बायोटिनसकट. सोबत दोन आठवड्यांची साधी टिपणं: किती झोपले, कधी दमले, पाळी कधी आली. ‘मला थायरॉइड आहे का?’ हा प्रश्न मी मुद्दाम खोडला होता. त्याजागी तीन प्रश्न लिहिले होते. हा आकडा माझ्या वयाला काय सांगतो? पुन्हा बघायचा असेल तर कधी? आणि हे थायरॉइड नसेल, तर आणखी काय असू शकतं?

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘दमल्यामुळे काय करायचं राहून जातं?’

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘गाणं. संध्याकाळी क्लासला जायचे. बंद केलं.’ आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लिहून घेतलं, म्हणजे गाण्याचं. मग पाळी, जेवण, झोप, ऑफिस, घर. बारा-तेरा मिनिटं लागली असतील. ‘थायरॉइड सहा महिन्यांनी परत बघू,’ त्या म्हणाल्या, ‘पण आज मी त्याला दोष देणार नाही. तुम्ही दमताय हे खरं आहे. का, ते शोधू.’

शेवटची दोन वाक्यं मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही निदानापेक्षा नेमकी होती.

पुढे शरीरातलं लोह कमी निघालं. गोळ्या घेतल्या, थकव्याचा काही भाग ओसरला. काही भाग झोपेचा होता, रूममेट तेवढ्यापुरती बरोबर होती. काही भाग अजूनही आहे. त्याला आकडा नाही. पण आता मी त्याची माफी मागत नाही आणि त्याच्यासाठी आजारही शोधत नाही.

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर वीस पेशंट असताना तेरा मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ आणि ‘तुम्ही नॉर्मल आहात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे लक्षात ठेवायला जास्त वेळ लागत नाही. डॉक्टरला नाही, बाबांना नाही, मलाही नाही.

परवा आईची वार्षिक तपासणी झाली. आमच्या घरात अशा दिवशी फोनवर एकच प्रश्न असतो, ‘किती आला?’ मीही तोच विचारणार होते. मग म्हटलं, ‘आकडा राहू दे गं. तुला कसं वाटतंय?’

ती क्षणभर गप्प झाली. ‘बरं आहे,’ म्हणाली. मी फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून जमिनीचा विषय काढला.